मागून पुसणारं दुकान

भिंतीवर पडलेल्या उजेडात एक निळी रेघ होती. ती डावीकडून निघून बरीच सपाट चालत आली, मधे जरा चढली, आणि मग औताचा बैल चालता चालता बसावा तशी एका जागी बसली. पुण्याहून आलेल्या पल्लवी मॅडमनी लाल ठिपक्यानं ती जागा दाखवली आणि म्हणाल्या, "इथे काहीतरी झालंय. मागच्या वर्षीचा ऑगस्ट." आमच्या भरभराट बाजारच्या हिंगोली शाखेत वरच्या मजल्यावर सगळा स्टाफ बसला होता, आम्ही सात जण, आणि सगळे त्या ठिपक्याकडं बघायला लागले. मी ठिपक्याच्या थोडं वर बघत होते. पडदा नव्हता म्हणून रेघ भिंतीवरच पाडली होती, आणि त्या भिंतीवर माझा फोटो होता. सोनेरी चौकट, खाली छापलेलं: महिन्याच्या उत्कृष्ट कर्मचारी, सौ. मिना राठोड, ऑगस्ट. रेघ बरोबर माझ्या हनुवटीखालून कोसळत होती. भाजी खाता खाता खडा दाताखाली आला की आपण जसं चावणं थांबवतो, पण चारचौघांत थुंकतही नाही, तशी मी तोंड मिटून बसून राहिले. सत्तेचाळिसाव्या वर्षी माणसाचा एकच फोटो चौकटीत लागलेला असतो, तोही जिवंतपणी, आणि त्याच्या गळ्याखालून अशी रेघ जाते.

पल्लवी मॅडम वाईट नव्हत्या. तिशीतल्या, केस कापलेले, चहा बिनसाखरेचा. कुणाचाही अपमान न करता बोलायच्या, त्यामुळं जास्त भीती वाटायची. "या शहरात किराण्याच्या शंभर पिशव्या भरल्या, तर त्यातल्या चाळीस आपल्या होत्या. आता अठरा. गेलेला वाटा परत मिळवायचाय. दिवाळीपर्यंत निदान तीस, नाहीतर हेड ऑफिस ही शाखा बंद करणार." मॅनेजर शिवशंकरनी घसा साफ केला. बिलिंगवरच्या शितलनं मोबाइल उलटा ठेवला. दारावरचे धर्मसिंगमामा, फरशी पुसणाऱ्या नर्मदाबाई, डाळी भरणाऱ्या दोघी, सगळे एकदम शाळेतल्यासारखे ताठ बसले. मी 'वाटा' या शब्दापाशीच अडकले होते. तांड्यावर बोकड कापलं की पळसाच्या पानांवर घराघराचे वाटे पडायचे. सात-आठ वर्षांची असताना आमच्या पानापेक्षा शेजारचं पान मला भरलेलं दिसलं, म्हणून मी गुपचूप पानं बदलली. याडीनं, म्हणजे माझ्या आईनं, सगळ्या बायांसमोर ते पान माझ्या हातातून घेऊन परत ठेवलं आणि म्हणाली, "वाटा आपण उचलायचा न्हाई. त्यांनी दिला तं घ्यायचा." शेजारच्या पानात सगळी हाडंच होती, हे मला नंतर कळलं. आता पल्लवी मॅडमना हे कसं सांगायचं? त्या मिळवायचाय म्हणत होत्या, आणि माझ्या डोक्यात पळसाची पानं.

त्या ऑगस्टमध्ये काय झालं होतं ते मला माहीत होतं. म्हणजे अर्धं माहीत होतं, आणि उरलेलं अर्धं मी रेघेपाशी येऊ देत नव्हते. दुकान उघडलं तेव्हा फरशी अशी पांढरी होती की वाकलं तर आपलंच तोंड खालून वर बघायचं. पुसेगाव, साखरा, कळमनुरीच्या रस्त्यावरची गावं, सगळीकडून बाया यायच्या आणि काचेच्या दारातच चपला काढायच्या. कुणी सांगितलं नव्हतं. आत गार हवा, उजेड, बारीक आवाजातलं गाणं आणि ओळीनं मांडलेल्या डाळी, अशा ठिकाणी माणूस पायताण घालून शिरत नाही, एवढं साधं होतं ते. काही जणी दाराच्या लोखंडी पट्टीला हात लावून तो कपाळाला लावायच्या. दार आपोआप उघडमीट होणारं. एखादी चप्पल मधे आली की ते मिटायला जायचं, चप्पल चावायचं, दचकून पुन्हा उघडायचं, पुन्हा चावायचं, असं दिवसभर चाले. ऑगस्टात वावरातली काळी माती चपलांना किलोकिलोनं चिकटून आली आणि हेड ऑफिसच्या कुणीतरी येऊन फोटो काढून नेला. तो पुण्याहून परत आला, खाली एकच ओळ: प्रवेशद्वारावर हे काय आहे? शिवशंकरना घाम फुटला. मला कल्पना सुचली. कल्पना सुचते तेव्हा फार बरं वाटतं, कानामागं थंड झुळूक आल्यासारखं. दहावी मी तिसाव्या वर्षी बाहेरून दिलेली, अक्षर मात्र माझं पहिल्यापासून देखणं. मी पाटी लिहिली: चपला काढू नयेत, घालूनच आत यावे. आणि नर्मदाबाईंना सांगितलं, "गिऱ्हाईक पुढं, पोछा मागं. मातीचा एक ठसा दिसला न्हाई पायजे." आठ दिवसांत दार मोकळं, फरशी आरसा. हेड ऑफिसनं ही पद्धत अकरा शाखांना कळवली. मला फोटो मिळाला आणि एक मिक्सर.

म्हणजे कुणी विचारलंच असतं तर मला सांगता आलं असतं. पण कुणी विचारलं नाही, आणि आपण होऊन स्वतःच्या फोटोखालची रेघ दाखवायला फार मोठं मन लागतं. माझं मिक्सरएवढं होतं. मी म्हटलं, आधी मॅडमचे उपाय होऊ द्या. मॅडमचे उपाय झाले. दोन साबणांवर एक साबण दिला, लोकांनी एकच मागितला. दारात आल्याबरोबर "नमस्कार, भरभराटमध्ये आपलं स्वागत" म्हणायचं ठरलं, तर येणारा माणूस मागं वळून कुणाला म्हणतायत ते बघायचा. मग हत्ती आणला. कंपनीचा निळा हत्ती, आत धर्मसिंगमामा. साठीचा माणूस सोंड हलवत बाजारात फिरला. लेकरं रडली, एका म्हशीनं दावं तोडलं आणि मामांना पाणी पाजायचं तर तोंड कुठं आहे तेच सापडेना. संध्याकाळी मामा हत्तीचं डोकं काखेत धरून पायरीवर बसले आणि म्हणाले, "मिनाताई, नौकरी गेली तरी चालंल, पर मला माणसातच मरू द्या." मी हसले. रात्री जेवताना पुन्हा हसू आलं, तर आमचे हे म्हणाले, "काय झालं?" मी म्हटलं, काही नाही. आणि ताट बाजूला सारलं. मामांच्या दोन पोरींची लग्नं व्हायची होती आणि हत्तीत त्यांना मी घातलं होतं, एका अर्थानं.

मग मॅडमनी सर्व्हे काढला. बावीस प्रश्नांचा कागद घेऊन आम्ही दोघी पुसेगावला उकंडरावांच्या ओसरीवर बसलो. हे आमचं जुनं गिऱ्हाईक, महिन्याला दोन पोती माल नेणारं. त्यांनी चहा केला, सुपारी कातरली, म्हशीची चौकशी करू दिली. "दुकानात काही अडचण वाटते का?" मॅडमनी विचारलं. "न्हाई न्हाई, सगळं बराबर हाय. तकलीफ काई न्हाई." भाव? बराबर. माल? एक नंबर. माणसं? लई चांगली. "मग येणं का बंद केलंत?" उकंडराव आभाळाकडं बघत म्हणाले, "येऊ की." असं 'येऊ की' मी जन्मभर ऐकलंय. त्याचा अर्थ मेल्यावर असा असतो. मॅडमनी 'परत येण्याची शक्यता: जास्त' या चौकोनात खूण केली. तेवढ्यात त्यांची सून पुनम कपबशा न्यायला आली आणि जाता जाता, कुणाकडंच न बघता म्हणाली, "तिथं मागून पुसतेत." उकंडरावांनी "हं!" केलं. ती आत गेली. मॅडमनी माझ्याकडं बघितलं. मी सुपारी चघळत होते. मॅडमनी कागदावर लिहिलं, 'स्वच्छता: उत्तम', आणि खाली रेघ ओढली. परतीच्या वाटेवर जीपमधे त्या म्हणाल्या, "एक गोष्ट बरी आहे, ताई. स्वच्छतेवर सगळे खूश आहेत." रस्त्यावरचे खड्डे त्या दिवशी मला बरे वाटले. जीप आदळत असली की तोंडावर काय चाललंय ते दिसत नाही.

आणि ते उरलेलं अर्धं तिथंच, जीपमधे, माझ्या शेजारी येऊन बसलं. त्याच ऑगस्टात याडी दुकान बघायला आली होती. मी किती वेळा बोलावलं होतं. नवा घागरा घालून, हातभर बांगड्या वाजवत ती दारात थांबली, चपला काढायला वाकली. मीच म्हटलं, "राहू दे, घालूनच चल." तिनं माझ्याकडं असं बघितलं की जणू मी तिला देवळात विडी ओढायला सांगितली. तरी ऐकलं. दुकान माझं होतं ना. ती फरशीवर पाऊल टाकायची, ते उचललं की मागं ठसा, आणि ठशावर लगेच नर्मदाबाईंचा पोछा. दोन पावलं, पोछा. दोन पावलं, पोछा. तांदळापाशी येऊन याडी थांबली. पोछाही थांबला. ती वळली, त्या ओल्या फरशीकडं बघितलं, जिथून ती आली त्याची काही खूण राहिली नव्हती, आणि नर्मदाबाईंना कळावं म्हणून मराठीत म्हणाली, "बाई, मी अजून जित्ती हाय." आणि खळखळून हसली. नर्मदाबाई हसल्या. मीही हसले. घरातून माणूस बाहेर पडलं की त्याच्या मागं लगेच झाडत नाहीत, पुसत नाहीत, तो वळणावरून दिसेनासा होईतो केरसुणीला हात लावत नाहीत. मयत उचललं की मात्र लगेच घर पुसून काढतात. हे मला माहीत नव्हतं असं थोडंच आहे? ओमप्रकाश, माझा भाऊ, तालुक्याला जायचा तेव्हा मी स्वतः झाडू धरून दहा-दहा मिनिटं उभी राहिलेय. पण दुकान हे घर थोडंच आहे, असं काहीतरी मी मनाशी म्हटलं होतं. फरशी चमकत असली की माणसाला आपलंच तोंड दिसतं, बाकीचं दिसत नाही. याडीनं एक काडेपेटी घेतली आणि गेली. नंतर आली नाही.

मी फोन केला तिला. दुपारची वेळ, गोदामात चवळीच्या पोत्यावर बसून. आम्ही एकमेकींशी गोरमाटीत, आमच्या बंजारा बोलीत बोलतो, आणि गोरमाटीत खोटं बोलणं मला तरी अवघड जातं. म्हटलं, "याडी, तू दुकानात का येत नाहीस?" ती म्हणाली, "गुडघे दुखतात." मी म्हटलं, "परवा तू नातवाच्या लग्नात दोन तास नाचलीस." तिनं तिकडं कोंबड्या हाकलल्या. मग म्हणाली, "नाचताना नाही दुखत." म्हणजे माझ्या आईनंही माझा सर्व्हे तसाच भरला. सगळा जिल्हा माझ्याशी सभ्यपणानं वागत होता आणि त्या सभ्यपणानं सात घरं बुडायची होती.

शनिवारी सकाळी मोठे साहेब, आमच्या कंपनीचे मालक, पुण्याहून पडद्यावर आले. म्हणजे भिंतीवरच, रेघ होती तिथं. माझ्या फोटोच्या खाली त्यांचं डोकं. पल्लवी मॅडमनी सगळं नीट सांगितलं: भाव ठीक, माल ठीक, स्वच्छतेला शंभरापैकी शंभर. साहेब खूश झाले. त्यांचे ओठ आधी हलायचे आणि आवाज मागून यायचा. "मग आपली ताकद तीच आहे. तिच्यावरच जोर द्या. पुसायला आणखी एक माणूस ठेवा. गिऱ्हाइकाच्या पुढे एक, मागे एक." नर्मदाबाईंनी माझ्याकडं बघितलं. पुढं एक, मागं एक. माझ्या डोळ्यांसमोर याडी दोन पोछ्यांच्या मधे उभी राहिली आणि मला कळायच्या आत मीच उभी होते. "साहेब, दुसरा माणूस ठेवू नका," मी म्हटलं. "हाय त्यालाच थांबवा." शिवशंकरनी माझ्या पदराचं टोक ओढलं. मी सांगितलं, माणूस बाहेर पडलं की लगेच मागं पुसत नाहीत, मेलं की पुसतात. बोलताना आवाज माझा वाटेना, कुणीतरी शेजारच्या खोलीत बोलत होतं. साहेबांचे ओठ हलले, मग आवाज आला, "पण ते बाहेर कुठे पडतात? ते तर आत असतात." "तेच तं, साहेब. आमी ते आत असतानाच पुसून राहिलो." भिंतीवर बराच वेळ काही हललं नाही. शितलला वाटलं नेट गेलं. मग साहेब म्हणाले, "ही कल्पना कुणाची होती?" सगळ्यांच्या माना एकदम वर, चौकटीकडं गेल्या, आणि साहेब ते काय बघतायत म्हणून स्वतःच्या डोक्यावर बघू लागले. "माझी," मी म्हटलं. पल्लवी मॅडमनी पेन खाली ठेवलं. पुनमचं वाक्य त्यांना आत्ता ऐकू आलं होतं. "पंधरा दिवस देतो," साहेब म्हणाले. "मग मी स्वतः येईन, आणि तेव्हाच ठरवू, ठेवायची की बंद."

पाटी मी त्याच दिवशी काढली. पण एकदा चुकलेला माणूस दुरुस्तीला निघाला की त्याच्यासारखा धोक्याचा माणूस नाही. मी चपला ठेवायला लोखंडी घोडा आणला, आणि प्रायश्चित्त म्हणून म्हणा, स्वतः दारात उभी राहून येणाऱ्याच्या चपला उचलून त्यावर ठेवायला लागले. पहिल्याच म्हातारीनं माझा हात धरला. "अगं बया, लिहिणारी-वाचणारी तू, माह्या पायताणाला हात लावून मला हे पाप कुठं फेडाया लावतीस?" दुसरीनं चपला पदराखाली लपवल्या. तिसऱ्या दिवशी माणसं अनवाणीच यायला लागली. मला कळेना, डांबर तापलेलं, ही माणसं गावाकडून अशी कशी आली? तर समोरच्या पुनमचंद शेठच्या किराणा दुकानाच्या पायरीशी सगळ्यांच्या चपला. मला तकलीफ नको म्हणून लोक तिकडं काढून रस्ता ओलांडून येत होते. आणि रस्त्यानं जाणारा तो ढीग बघायचा, एवढी माणसं आत आहेत म्हणजे काहीतरी आहे म्हणायचा आणि शेठकडं शिरायचा. चौथ्या दिवशी पुनमचंद शेठनी माझ्यासाठी चहा पाठवला, वर निरोप, "मिनाबाई, हे असंच चालू ठेवा."

तो चहा मी उभ्यानं प्याले. शेठचा चहा नेहमी जास्त गोड असतो, त्या दिवशी तो घशात चिकटला. समोर पन्नास-साठ जोड, कुणाचा अंगठा तुटलेला, कुणाचा सुतळीनं बांधलेला, लग्नघरापुढं असतात तसे एकावर एक पडलेले. कुणी त्यांना हात लावत नव्हतं, कुणी त्यांच्याकडं बघतही नव्हतं. आणि मला पहिल्यांदा वाटलं की गेलं वर्षभर मी एवढ्या कल्पना लढवल्या, पण काहीच करू नये ही एक राहून गेली. घोडा गोदामात टाकला. दाराचं बटण बंद करून दोन्ही काचा सताड उघड्या ठेवल्या. शिवशंकर म्हणाले, "अहो ताई, एसी सगळा बाहेर चालला." मी म्हटलं, "जाऊ द्या. रस्त्यानं जाणाराला गार लागलं तं तो का येणार न्हाई?" नर्मदाबाईंना म्हटलं, तुम्ही सकाळी पुसा आणि कुलूप लावायच्या आधी पुसा, मधे कुठं हळद-मिरचीपाशी बसा. त्या म्हणाल्या, "बसू? पगारात?" आणि पहिले दोन दिवस त्या उभ्याच राहिल्या, हात कुठं ठेवायचे कळेना म्हणून दोन्ही हातांत एकेक नारळ धरून. चपला शेठच्या पायरीवरून हळूहळू आमच्या दारात आल्या आणि फरशीवर पावलंच पावलं उमटली. दारापासून डाळींपर्यंत काळी वाट पडली, वावरात पडते तशी, आणि नव्यानं येणारा न विचारता त्या वाटेनं चालायला लागला. धर्मसिंगमामा दारात बसून ओळखीच्या चपलांवरून माणसं सांगायचे, "साखऱ्याचे आले. दोघं हायत. भांडून आलेत, जोड लांब लांब काढलेत."

पंधराव्या दिवशी मोठे साहेब आले. पांढरी गाडी, काळे बूट, सोबत पल्लवी मॅडम. साहेब दारात थांबले. समोर चपलांचा ढीग, आमच्या पायरीवरून खाली घरंगळत रस्त्यापर्यंत गेलेला. त्यांनी ढिगाकडं बघितलं, बुटांकडं बघितलं, मग माझ्याकडं. "काढायचे का?" मी वर्षभर सगळ्या जिल्ह्याला "घालून चला" म्हटलेली बाई. जिभेवर ते आलंही. "तुमच्या मनानं, साहेब," मी म्हटलं. साहेब पायरीवर बसले. नाडीची गाठ सुटेना. मागं सामान घेऊन निघालेली एक बाई थांबली आणि म्हणाली, "भाऊ, वलं झालं असंल. दातानं सोडा." साहेबांनी दातानं नाही, पण बोटानं सोडली. उजव्या मोज्याला अंगठ्यापाशी भोक होतं. पल्लवी मॅडम गाडीकडं बघायला लागल्या. साहेबांनी तो मोजा काढला, मग दुसराही काढला, आणि आत शिरले. बूट घातलेला साहेब आत आला की थेट मॅनेजरकडं जातो आणि कागद मागतो. अनवाणी साहेबाला काय करावं ते कळेना. ते त्या काळ्या वाटेनं हळूहळू चालत डाळींपर्यंत गेले, तिथून तिखटापर्यंत, पायाला गार लागत होतं म्हणून बोटं जरा वर उचललेली. कुणी त्यांच्या मागं आलं नाही. मग काहीतरी घ्यायला हवं म्हणून त्यांनी मुरमुऱ्याचा एक पुडा उचलला आणि, मला खरंच वाटलं नव्हतं, रांगेत जाऊन उभे राहिले. पुढं सात जण. सातवी म्हातारी वळून म्हणाली, "व्हा म्होरं. एकच पुडा हाय तुमचा."

शितलनं वर न बघता विचारलं, "भरभराट कार्ड हाय का?" मालकाकडं कार्ड नव्हतं. "काढून देऊ? फॉर्म भरा." आणि तिनं फॉर्म सरकवला. मी खांबाआड उभी होते. साहेब नाव लिहून पुढं गेले, गाव लिहून पुढं गेले आणि एका ओळीपाशी पेन थांबलं: सध्या घरचा किराणा कुठून घेता? त्यांनी ती ओळ दोनदा वाचली. मागची रांग हलायला लागली. "हे... घरी विचारून सांगतो," ते म्हणाले. शितल म्हणाली, "सगळे असंच म्हणतेत," आणि पुढच्याला हात केला. साहेब पुडा धरून बाजूला झाले. शिवशंकर धावत आले, हातात या पंधरवड्याचे कागद. पिशव्या सव्वीस झाल्या होत्या, तीस नाही. सव्वीस. मी तो आकडा सकाळपासून देवाचं नाव घ्यावं तसा घेत होते. साहेबांनी कागद घेतले, वाचले, घडी करून खिशात घातले. तिथंच उभ्यानं पुडा फोडून चार मुरमुरे तोंडात टाकले, आणि चावता चावता म्हणाले, "संक्रांतीचा तीळ सांगितलाय का?" शिवशंकर गडबडले. "न्हाई, साहेब. दिवाळीच्या पुढचं आपण काहीच... म्हणजे, शाखा ऱ्हाते का न्हाई म्हणून..." "सांगून ठेवा," साहेब म्हणाले. शिवशंकर नुसते बघत राहिले. तोंड उघडं, पेन हवेत. आत्ता विचारायला हवं होतं, किती. ते काही त्यांना सुचणार नव्हतं. मी खांबाआडून बाहेर आले आणि म्हटलं, "दोन क्विंटल लिहा. आणि गूळ तीन."